पहिल्या डावाचा सिरिल

अमेरिकेतल्या होल्ट्सबर्ग गावाच्या बेसबॉल मैदानाबाहेर गाड्या लावायची खडी टाकलेली मोठी जागा आहे. तिच्या फाटकावर सिरिल हुडाक उभा असायचा. अंगात भडक नारिंगी जाकीट, डोक्यावर गावच्या स्टोकर्स संघाची उन्हाने विटलेली टोपी आणि हातात गुंडाळलेलं वर्तमानपत्र. गाडी डावीकडे न्यायची की उजवीकडे, हे तो त्या वर्तमानपत्राने दाखवायचा. गावात त्याला 'पहिल्या डावाचा सिरिल' म्हणत. सामन्याच्या पहिल्या डावात धाव निघणार की नाही हे तो सामना सुरू व्हायच्या आधीच सांगतो आणि ते खरं ठरतं, असं गावाचं म्हणणं होतं. त्याने स्वतः मात्र या मैदानावरचा पहिला डाव कित्येक वर्षांत पाहिलेला नव्हता. उशिरा येणाऱ्यांच्या गाड्या आत घेता घेता दुसरा डाव सुरू झालेला असायचा.

प्रश्न तसा सरळ होता. डावात आधी पाहुणे फलंदाजी करणार, त्यांचे तीन बाद झाले की घरचे. दोघांपैकी कुणाचीही एक जरी धाव आली तरी 'धाव'. दोघंही कोरडे राहिले तर 'शून्य'. यावर लोक एकमेकांशी बियरच्या ग्लासाची, पिरोगीच्या ताटलीची किंवा नुसत्या इज्जतीची पैज लावायचे.

हे सगळं सुरू झालं ते एका पिकअप गाडीमुळे. काचेचा कारखाना बंद पडल्यावर सिरिल नुकताच फाटकावर लागला होता. पिकअपवाला खिडकीतून डोकं काढून, आज पहिल्या डावात काय होईल, असं विचारत थांबला आणि मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. हा पुढे सरकावा म्हणून सिरिल 'शून्य' म्हणाला. शून्यच निघालं. पुढच्या सामन्याला पिकअपवाला चार मित्र घेऊन आला, आणि त्या चौघांनाही तेच विचारायचं होतं.

मग सिरिलला एक युक्ती सुचली. युक्ती बेसबॉलची नव्हती, रहदारीची होती. गाड्यांची रांग नदीवरच्या लोखंडी पुलापर्यंत गेली की पोलीस येऊन त्याला बोलायचे. अशा दिवशी तो म्हणायचा, "आज धाव आहे." ते ऐकून लोक गाडी लावायचे सुटे पैसे हातात तयार ठेवायचे, गाडी दिसेल तिथे घालायचे आणि पळत आत जायचे. रांग नसली की तो म्हणायचा, "शून्य. सावकाश जा." सावकाश जाणारे लोक वाटेत सेंट मायकेल चर्चच्या बायकांच्या टपरीवर थांबायचे. बटाटा भरून लोण्यात परतलेल्या करंज्यांसारख्या पिरोगी तिथे मिळत, आणि वाढायला उभी असायची सिरिलची बायको डोलोरेस. म्हणजे सिरिलचं 'शून्य' चर्चच्या छपराच्या दुरुस्तीसाठी होतं आणि 'धाव' पोलिसांसाठी. बेसबॉलसाठी त्यातलं काहीच नव्हतं.

तरीही निम्म्याहून थोडे जास्त अंदाज बरोबर यायचे, कारण एवढे तर कुणाचेही येतात. बरोबर आलेले गाव लक्षात ठेवायचं. चुकलेल्यांची व्यवस्था ऑगी पेट्रोन बघायचा. ऑगी निवृत्त न्हावी. दुकान विकलं, पण दुकानातलं बोलणं त्याने विकलं नव्हतं. सिरिलचा अंदाज चुकला की तो सांगत फिरायचा, की त्या दिवशी नदीवरून वारा होता, किंवा सिरिल 'शून्य' म्हणताना जरा खोकला होता, ते ज्यांना कळायचं त्यांना कळलं. देवळातल्या मूर्तीला बोलावं लागत नाही, बोलायला पुजारी असतो. सिरिलला तो फुकट मिळाला होता.

हे असंच पाच-पंचवीस लोकांच्या करमणुकीपुरतं राहिलं असतं. पण दोन उन्हाळ्यांपूर्वी नेब्रास्काहून कर्ट लिंडस्ट्रॉम स्टोकर्समध्ये आला.

कर्ट डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा होता. उंच, लाजाळू, कान लाल असलेला. चेंडू असा टाकायचा की बघत राहावं, पण दुसऱ्या डावापासून. पहिल्या डावात त्याला काय व्हायचं ते त्यालाही सांगता यायचं नाही. चेंडू फलंदाजाच्या डोक्यावरून जायचा, नाही तर त्याच्या बुटांपाशी आपटायचा. असे चार चेंडू गेले की फलंदाजाला न मारताच पहिला तळ मिळतो. दोघांना फुकट पहिल्या तळावर पाठवलं की तिसरा जोरात मारायचा आणि एक-दोन धावा व्हायच्या. मग कर्ट टोपी काढून कपाळ पुसायचा, आणि त्यानंतर सहा डाव कुणाला हलू द्यायचा नाही.

सिरिलला आयुष्यात पहिल्यांदा खरंच काहीतरी माहीत असल्यासारखं झालं. कर्टची चेंडू टाकायची पाळी असली की रांग असो वा नसो, तो म्हणायचा, "धाव." आणि बहुतेक वेळा धाव व्हायचीच. सिरिलचं नाव गावाच्या रेडिओवर गेलं. सकाळच्या बातम्यांनंतर, हवामानाच्या आधी, 'सिरिल काय म्हणतो' असा अर्ध्या मिनिटाचा कार्यक्रम सुरू झाला. एका माणसाची सगळी कीर्ती दुसऱ्या माणसाच्या डाव्या खांद्यावर उभी राहिली, आणि खांदेवाल्याला ते रोज सकाळी रेडिओवर ऐकावं लागे.

त्यात कर्टची दाढ दुखायला लागली. गावात दातांचा दवाखाना एकच, आणि तिथे डॉक्टरांच्या हाताखाली सिरिलची मुलगी बर्नाडेट कामाला होती. दाढ दोन भेटींत बरी झाली, पण कर्ट दवाखान्यात जातच राहिला. ईस्टरला तो हुडाकांच्या घरी जेवायला आला तेव्हा बर्नाडेटच्या बोटात त्याने दिलेली साखरपुड्याची अंगठी होती.

कर्टने डोलोरेसच्या हॅमचं कौतुक केलं, दोनदा वाढून घेतलं, आणि मग अगदी आदराने म्हणाला, "मिस्टर हुडाक, मी तुम्हाला रेडिओवर ऐकतो."

सिरिलने त्याच्यापुढे ब्रेड सरकवला आणि विचारलं, की नेब्रास्कात हिवाळा कसा असतो. कर्टने हिवाळ्याची सगळी माहिती दिली. रेडिओचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही, पण बर्नाडेट बापाकडे अशी बघत होती की तो पुढे कधीतरी निघणार हे डोलोरेसलाही कळलं.

सिरिलने मेमध्ये, जूनमध्ये, कर्टच्या प्रत्येक पाळीला 'धाव'च म्हटलं. जावयासाठी निकाल बदलला तर लोक काय म्हणतील? शिवाय ते खरंही ठरत होतं. खरं ठरणारी गोष्ट सोडायला माणसाला फार मोठं मन लागतं, आणि सिरिलचं मन बेताचं होतं.

जुलैच्या शेवटी मॅनेजरने कर्टला बोलावून घेतलं. स्टोकर्सहून वरच्या दर्जाच्या संघाला एक डावखुरा हवा होता. येत्या रविवारी वरून माणूस बघायला येणार होता. रविवार चांगला गेला तर कर्ट वर जाणार, गाडीने दोन तासांवरच्या शहरात. वाईट गेला तर त्याला संघातून मोकळं करणार. या वयात आणखी एक वर्ष कुणी थांबणार नव्हतं. मोकळं झालं की कर्टची पुढची वाट ठरलेली होती. नेब्रास्कात त्याच्या वडिलांचं ट्रॅक्टरचं दुकान होतं, दुकानाच्या वर दोन खोल्या होत्या आणि त्या खोल्यांना वडिलांनी आधीच रंग देऊन ठेवला होता. तिथून होल्ट्सबर्गला यायचं म्हणजे दोन दिवस गाडी चालवायची, आणि तेवढी कुणी मेलं तरच चालवतात.

त्या रात्री सिरिलने नकाशा काढून पाहिला. डोलोरेसने पाहिला नाही. तिने फक्त विचारलं, की दोन तास म्हणजे रविवारी जेवायला येऊन संध्याकाळी परत जाता येतं ना. सिरिल हो म्हणाला. नेब्रास्काबद्दल तिने काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवताना बर्नाडेटने काटा खाली ठेवला.

"डॅड, रविवारी तू शून्य म्हणायचं."

"माझ्या म्हणण्यानं काय होतं?"

"सगळं होतं. आत येणारा प्रत्येक माणूस तुझं ऐकून आत येतो. हाताची घडी घालून धावेची वाट बघत बसतो. कर्टने एकाला फुकट सोडलं की अख्खं मैदान म्हणतं, झालं, सिरिल म्हणालाच होता. त्याला ऐकू येतं ते. तो फलंदाजाला चेंडू टाकतच नाही डॅड, तो तुला टाकतो."

सिरिल म्हणाला, की कर्टचा पहिला डाव तो येण्याआधीपासूनच तसा असेल. त्यावर बर्नाडेटने सांगितलं, की नेब्रास्कात शाळेपासून त्याचा पहिला डाव कधीच वाईट नव्हता. तिने त्याच्या आईला फोन करून विचारलं होतं. आयांची साक्ष सिरिल फारशी धरत नसे, पण डोलोरेस समोर बसलेली असताना तसं बोलायची सोय नव्हती. त्याने मान डोलावली.

झोपताना त्याच्या लक्षात आलं, की आपण दोन्हीकडून सापडलो आहोत. रविवारी शून्य म्हटलं आणि धाव झाली तर पोरगी नेब्रास्काला जाणार. शून्य म्हटलं आणि शून्य निघालं, तर आत्तापर्यंतच्या सगळ्या धावा आपल्यामुळेच झाल्या असं सिद्ध होणार. दोन्हींपैकी दुसरं बरं. दुसऱ्यात ती निदान भांडायला जवळ असेल.

रविवारी ऊन कडक होतं. सामना दुपारचा. वरून माणूस येणार हे गावभर झालेलं, त्यामुळे रांग लवकरच पुलावर पोहोचली. सिरिलच्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे आज 'धाव' म्हणायलाच हवं होतं. कर्टच्या हिशेबानेही तेच म्हणायला हवं होतं. सिरिलने पहिल्या गाडीला वर्तमानपत्राने डावीकडे वळवलं आणि म्हणाला, "शून्य."

ऑगी पेट्रोन आला तेव्हा त्याने खिडकी पूर्ण खाली केली.

"आज कर्टच आहे ना?"

"आहे."

"आणि शून्य?"

"शून्य."

ऑगीने इंजिन बंद केलं. मागे सात-आठ भोंगे एकदम वाजले. ऑगीला त्यांची पर्वा नव्हती. "जावई आहे म्हणून म्हणतोयस?"

"पुढे घे, ऑगी."

"नाही, मला सांग. इतकी वर्षं तुझी बाजू मांडतोय मी."

"मी जे म्हणालो ते म्हणालो. पुढे घे."

ऑगीने गाडी सुरू केली, पन्नास पावलं पुढे जाऊन लावली आणि खाली उतरून जो भेटेल त्याला सांगायला लागला. सिरिल घरच्यांसाठी खोटं बोलणारा माणूस नाही. मेमध्ये बोलला नाही, जूनमध्ये बोलला नाही. स्वतःच्या पोरीच्या डोळ्यांदेखत तो 'धाव' म्हणत राहिला. असा माणूस आज शून्य म्हणतो याचा अर्थ त्याला काहीतरी दिसलंय. हे ऐकून कुणालाही आत पळायची घाई राहिली नाही. लोक गाड्या सावकाश लावायला लागले, पिरोगीच्या टपरीसमोर दुसरी रांग लागली, आणि पुलावरची रांग पुलाच्या पलीकडे गेली. पोलीस सार्जंट स्वतः चालत आला आणि सिरिलला म्हणाला, की त्याचं कर्तव्य गाड्या आत घेणं आहे, उपदेश करणं नव्हे. जाता जाता त्याने आवाज खाली आणून विचारलं, "शून्य ना, नक्की?"

सामना सुरू झाला तेव्हा फाटकाबाहेर थोड्याच गाड्या उरल्या होत्या. सिरिल खांबाला टेकून कान देऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत तो सामना आवाजावरून ओळखायला शिकला होता. आतून 'ऊं' असा एक लहान आवाज आला. म्हणजे पहिल्या फलंदाजाला कर्टने फुकट सोडलं. या जागी नेहमी एक हसणं यायचं, आणि त्या हसण्यात सिरिलचं नाव असायचं. आज हसणं आलं नाही. कुणीतरी जोरात म्हणालं, "असू दे रे, असू दे, शून्यच आहे." मग बॅटचा बारीक टक्क आवाज आला आणि लगेच मोठी टाळी. एका चेंडूत दोन बाद, तळावरचाही आणि मारणाराही. त्यानंतर कुणीतरी चेंडू सरळ आकाशात उडवला असावा, कारण सगळं मैदान एकदम वर बघितल्यासारखं गप्प झालं, आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला. तीन बाद.

सिरिलने टोपी काढली आणि जाकिटाच्या बाहीने डोकं पुसलं. कर्ट पहिल्या डावातून सुटला होता. सिरिलपुरता सामना संपला होता. त्याने मागे राहिलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याची गाडी इतक्या प्रेमाने आत घेतली, की त्या बाईने नवऱ्याला विचारलं, हा आपल्या ओळखीचा आहे का.

पण आत बसलेल्या लोकांपुरतं ते संपलं नव्हतं. 'शून्य' पुरं व्हायला अजून घरच्यांचा अर्धा डाव बाकी होता. स्टोकर्सचे पहिले दोघं बाद झाले, आणि आपले दोन खेळाडू बाद झाल्यावर होल्ट्सबर्गच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ओर्लांडो बाएझ आला. त्याने तिसरा चेंडू असा उचलला की तो डावीकडच्या कुंपणावरून बाहेर आला, एका निळ्या ब्यूक गाडीच्या टपावर धाडकन आपटला, खडीवर दोन टप्पे घेऊन घरंगळला आणि सिरिलच्या बुटाजवळ थांबला.

असा चेंडू बाहेर आला की मागोमाग आतून गर्जना येते. सिरिलला ती सवयीची होती. या वेळी गर्जना सुरू झाली आणि मध्येच तुटली. मग हजार-बाराशे माणसांनी एकदम बस चुकल्यासारखा उसासा टाकला, आणि त्यातून हळूहळू एक हूं-हूं वर यायला लागली. लोक आपल्याच संघाच्या होमरनची, म्हणजे हक्काच्या धावेची, हुर्यो उडवत होते. बाएझ तळ ओलांडत धावताना सारखा पंचाकडे बघत होता, काही नियम मोडला की काय म्हणून. हे सिरिलला नंतर ऑगीकडून कळलं. तेव्हा त्याला फक्त ऑगीचं लाल तोंड कुंपणाच्या जाळीमागे दिसलं.

"सिरिल, हे काय केलंस?"

"मी काय केलं? मारला बाएझनं."

"तू शून्य म्हणाला होतास."

"अरे, धाव आपली आहे, ऑगी."

आपली धाव आहे ही गोष्ट ऑगीच्या डोक्यात तेव्हाच शिरत असावी. पण ती तिथे राहिली नाही. "असेल," तो म्हणाला, "पण तू शून्य म्हणाला होतास."

बाएझच्या त्या एका धावेवर स्टोकर्सनी सामना जिंकला. पाहुण्यांना शेवटपर्यंत काही करता आलं नाही. कर्ट सात डाव टाकून बाहेर आला तेव्हा वरून आलेला माणूस मॅनेजरशी हस्तांदोलन करून निघूनही गेला होता, आणि अशा वेळी लवकर जाणं हे चांगलं लक्षण असतं. म्हणजे सिरिलचा अंदाज चुकला म्हणूनच त्याचा जावई जिंकला. गाड्या बाहेर काढताना मात्र लोक त्याच्याकडे बघायचं टाळत होते, जणू तो घरात काही वाईट घडलेला माणूस आहे. सगळ्यात शेवटी ऑगी आला. चुकलेल्या अंदाजाची व्यवस्था त्याने तोवर लावली होती.

"लोकांनी प्रश्न नीट विचारलाच नाही," ऑगी म्हणाला. "तू कर्टबद्दल बोलत होतास. कर्टच्या अर्ध्यात शून्यच होतं. बाएझबद्दल कुणी विचारलं होतं तुला?"

"कुणीच नाही," सिरिल म्हणाला. ते खरंही होतं.

जागा रिकामी झाली तेव्हा बर्नाडेट पळत आली. तिने बापाला मिठी मारली. रडत होती, हसत होती. कर्टला मॅनेजरने सांगितलं होतं. गुरुवारी तो वरच्या संघाकडून टाकणार होता. दोन तास, डॅड, फक्त दोन तास. सिरिलने तिची पाठ थोपटली. आणि मग, ज्याची तो त्या रात्रीपासून वाट बघत होता, ते आलं. बर्नाडेट मिठी सोडून एक पाऊल मागे सरकली.

"म्हणजे तू म्हटलंस आणि झालं."

"बर्नी, तसं नसतं ते."

"मग मेमध्ये का नाही म्हणालास? जूनमध्ये का नाही? तो किती रात्री झोपला नाही, माहितेय तुला?"

तेव्हा सिरिलने, आयुष्यात पहिल्यांदा, खरं सांगून टाकलं. पिकअपवाल्यापासून सांगितलं. पुलावरची रांग सांगितली, पोलीस सांगितले, तिच्या आईच्या पिरोगी सांगितल्या. मला बेसबॉलमधलं काहीही दिसत नाही, कधीच दिसलं नाही, मी गाड्या पुढे सरकवायला काहीतरी बोलतो, असं तो म्हणाला. बोलता बोलता त्याला हलकं वाटायला लागलं होतं. आता कीर्ती गेली तरी चालेल, असंही वाटलं.

बर्नाडेटने सगळं नीट ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू गेला आणि तिथे कीव आली.

"डॅड, तू किती चांगला आहेस," ती म्हणाली. "पण मला बरं वाटावं म्हणून असलं काही रचून सांगू नकोस."

तेवढ्यात कर्ट आला. केस ओले, खांद्यावर पिशवी, कान नेहमीसारखे लाल. त्याने सिरिलचा हात दोन्ही हातांत घेतला आणि खूप वेळ हलवला. मग तो बर्नाडेटकडे बघू लागला.

"आम्ही बोललोय," बर्नाडेट म्हणाली. "डॅड, गुरुवारी तू येऊ नकोस."

"का?"

"तिथे तुला कुणी ओळखत नाही. तिथल्या लोकांना कर्टच्या पहिल्या डावाचं काही माहीत नाही. तू आलास की होल्ट्सबर्गहून आलेलं कुणीतरी तुला ओळखेल, विचारेल, तू काहीतरी म्हणशील. शून्य म्हटलंस तरी ते कर्टपर्यंत जाईल. आणि काहीच नाही म्हणालास तर ते जास्त वाईट."

"रागावू नका, मिस्टर हुडाक," कर्ट म्हणाला. "नुसतं तुम्ही बसलेले दिसलात तरी मला ते ऐकू येईल."

सिरिलने विचार केला. मुलगी दोन तासांवर राहणार होती. नकाशावर बोटाचं एक पेर. त्याला हवं होतं ते सगळं मिळालं होतं.

"मग मी यायचं तरी केव्हा?" त्याने विचारलं.

त्याचं उत्तर त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. कर्टची पाळी दर पाच-सहा दिवसांनी यायची. मधल्या दिवशी, दुसरं कुणी चेंडू टाकणार असेल तेव्हा, सिरिलने खुशाल यावं, बर्नाडेटशेजारी बसावं, हवं तर पहिल्या डावापासून बसावं. त्या दिवशी कर्ट समोरच्या बाकावर जाकीट घालून बसलेला असेल, तो तिथून हात करेल.

सिरिल म्हणाला, बरं.